उघड्यावर उभ्या विमानासाठी वाऱ्याआधीची तयारी

हलकं विमान रात्रभर उघड्यावर राहणार असेल, तर आधी त्याचं नाक वाऱ्याकडे करा. आत्ताचा वारा बघून नाही, अंदाजात सर्वात जोराचा जो सांगितला आहे त्याची दिशा धरून. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी), एलिव्हेटर (शेपटीची आडवी हलती फळी) आणि रडर (शेपटीची उभी हलती फळी) पुढच्या कडेला बिजागरीवर टांगलेले असतात, त्यामुळे मागून झोत आला की ते फडकन उचलले जातात आणि स्टॉपवर, म्हणजे त्यांची हालचाल अडवणाऱ्या खुंटीवर, आपटतात. रात्रभर असं चाललं की बिजागऱ्या ढिल्या होतात, त्यांना हलवणारे दांडे (पुशरॉड) वाकतात, स्टॉपजवळ भेगा जातात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. 20 नॉटला (ताशी सुमारे 37 किमी) काही झालं नाही म्हणून 40 नॉटला निश्चिंत राहू नका.

मग लॉक, म्हणजे हे हलते पृष्ठभाग जागेवर धरून ठेवणारी अडकण. कॉकपिटमधला लॉक लावाच. सेसना 172 मध्ये योकच्या (वैमानिकाच्या हातातल्या सुकाणूच्या) दांड्यातून जाणारी पिन एलेरॉन आणि एलिव्हेटर धरते, रडर मात्र मोकळाच राहतो. पाइपरच्या कित्येक विमानांत सीटबेल्ट योकभोवती घेऊन आवळतात. तरी माझा आग्रह बाहेरून लावायच्या लॉकचा आहे. आतली पिन फक्त योक धरते. तिथून एलेरॉनपर्यंत केबल, पुली, बेलक्रँक (ओढीची दिशा बदलणारा कोनी दांडा) असा लांब पल्ला आहे आणि प्रत्येक झोताचा हिसका त्या सगळ्यांना बसतो. पंख आणि एलेरॉन एकत्र धरणारा, आतून मऊ अस्तराचा लॉक तो हिसका जागीच थोपवतो. रडरलाही तसाच लावा, पण विमान ढकलण्याआधी काढा. पुढचं चाक रडरला जोडलेलं असेल तर वळवताना जोडणीच मोडेल.

प्रत्येक लॉकला लांब लाल फीत हवी. 30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेतल्या राइट फील्ड विमानतळावर बोइंगचं मॉडेल 299 हे बॉम्बर विमान लॉक न काढताच उडालं आणि कोसळलं. वैमानिकांची चेकलिस्ट त्यानंतरच रुजली. तरीही 31 मे 2014 रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डला एक गल्फस्ट्रीम जेट विमान लॉक लागलेला असतानाच धावपट्टीवर धावलं आणि सातही जण गेले. लॉक काढले तरी उड्डाणाआधी कंट्रोल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा.

फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या, उतरताना खाली सोडायच्या झडपा) वर घ्या, चाकांना पुढूनमागून ठोकळे लावा. दोर दोन्ही पंखांच्या आणि शेपटीच्या कड्यांना बांधा. स्ट्रटला (पंखाला खालून आधार देणाऱ्या तिरक्या दांड्याला) नको, दोर घसरून मध्यावर आला तर स्ट्रट वाकतो. नायलॉनचा दोर बरा. मनिला (वाखाचा दोर) भिजला की आखडतो, म्हणून त्याला थोडी ढील द्या. शेजारी मोठं विमान किंवा हेलिकॉप्टर सुरू होत असेल तर तोही वाराच समजा.

वादळ ओसरल्यावर प्रत्येक पृष्ठभाग हाताने हळूच पूर्ण हलवा. घासल्याचा आवाज, नवा खुळखुळा, स्टॉपजवळ सोललेला रंग, ट्रिम टॅबची (पृष्ठभागाच्या मागच्या कडेच्या छोट्या पट्टीची) ढिलाई, यातलं काहीही आढळलं तर मेकॅनिकने पाहीपर्यंत ते विमान उडवू नका.