मोर्चा कव्हर करताय? मग या चुका टाळा

दर मोठ्या मोर्चाच्या रात्री माझा फोन वाजतो. "सर, आमच्या रिपोर्टरला पोलिसांनी उचललंय." घोळ तेच, दर वेळी पोरं नवी.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे फोन उघडून हातात देणं. काही वर्षांपूर्वी आझाद मैदानावरच्या धरण्यातून आमच्या एका पोराला गाडीत घातलं. पोलीस ठाण्यात कुणीतरी गोड आवाजात म्हणालं, "तो व्हिडिओ दाखव फक्त, लगेच सोडतो." पोरानं बोट टेकवलं. व्हिडिओ बघितलाच नाही कुणी, थेट व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. सगळ्यात वर चॅट: "गोदाम कागदपत्रंवाले काका", म्हणजे आमचा बातमीचा गुप्त सोर्स. पोरगं दोन तासांत वडापाव खाऊन घरी. काकांना मात्र त्याच आठवड्यात चौकशीचं बोलावणं. त्यांनी माझा फोन परत कधी उचलला नाही.

तेव्हापासून मी चर्चगेटला उतरायच्या आत बोट आणि चेहरा दोन्ही लॉक बंद करतो, फक्त पासकोड ठेवतो. कॅमेरा लॉक स्क्रीनवरूनही चालतो, त्यामुळे "शूट कसं करू" ही सबब मला सांगू नका. फोन जप्त करायचाच म्हणाले, तर पंचनामा मागा, त्यात आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आहे का बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १०५ नुसार जप्तीचं चित्रीकरणही व्हायला हवं. हे शांतपणे विचारा. आवाज चढवलात की विषय बदलतो.

दुसरी चूक: "ताब्यात घेतलंय की अटक केलीय?" हे न विचारता दिसेल त्या कागदावर सही ठोकणं. अटक असेल तर कारणं लेखी मागा. न्यूजक्लिक या बातम्यांच्या वेबसाइटचे संपादक प्रबीर पुरकायस्थ मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टातून सुटले ते याच मुद्द्यावर. नोव्हेंबर २०२५ मध्ये, आपल्याच वरळीच्या हिट अँड रन प्रकरणात, कोर्टानं हा नियम सगळ्या गुन्ह्यांना लावला: कारणं लेखी आणि आरोपीला कळणाऱ्या भाषेत, उशिरात उशिरा म्हणजे रिमांडसाठी उभं करण्याच्या दोन तास आधी. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेणं तर घटनेतच आहे. घाईची सही मात्र वकिलालाही पुसता येत नाही.

अधिस्वीकृती कार्ड, म्हणजे सरकारनं दिलेलं पत्रकाराचं ओळखपत्र, हे चिलखत नव्हे. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा २०१७ चा राज्याचा कायदा लाठी खाल्ल्यावर कामाचा, अटक तो थांबवत नाही. तो ठाणे अंमलदाराला वाचून दाखवणारे महाभाग मी पाहिलेत.

घोषणा देऊ नका, टाळ्याही नकोत. जमावबंदीचा आदेश आदल्या रात्रीच बघून ठेवा.

आणि वकिलाचा नंबर फक्त फोनमध्ये ठेवू नका, मनगटावर लिहा. गेल्या पावसाळ्यात एका मुलीनं लिहिला होता, पण जेल पेननं. शेवटचे दोन आकडे मेट्रो सिनेमापाशीच धुऊन गेले. साधं बॉलपेन वापरा.