शब्द त्याच्या संगतीसह शिकावा : प्रगत इंग्रजी शब्द आणि वाक्प्रचारांचा अभ्यास

मराठी माध्यमात शिकून पदवीसाठी किंवा मिहान या उद्योगक्षेत्रातील नोकरीसाठी नागपूरला आलेल्या ज्या मुलामुलींना मी संध्याकाळी इंग्रजी शिकवतो, त्यांचे व्याकरण बहुधा पक्के असते. अडते ते शब्दांपाशी. मग ते रोज वीस-पंचवीस अवघड शब्द अर्थासह पाठ करतात आणि महिनाभराने त्यांतील दोन-चारच जिभेवर उरतात. यात दोष स्मरणशक्तीचा नसतो. शब्द त्याच्या संगतीपासून तोडून घेतला की तो कुठे वापरावा हे कळत नाही, आणि वापरात न आलेला शब्द टिकत नाही.

आपल्याच भाषेत पाहावे. पाऊस मुसळधार असतो, थंडी कडाक्याची असते आणि चहा कडक असतो. ‘कडक पाऊस’ म्हटल्यास अर्थ लागेल, पण कानाला खटकेल. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ आणि चहा ‘स्ट्राँग’ असतो. ‘स्ट्राँग रेन’ तिथेही असाच खटकतो. शब्दांच्या या रूढ जोड्यांना ‘कोलोकेशन’ म्हणतात, आणि माझ्या मते प्रगत इंग्रजीचा खरा अभ्यास येथूनच सुरू होतो.

म्हणून शब्द यादीतून न घेता वाचनातून घ्यावेत. 1911 साली सुरू झालेले ‘द हितवाद’ हे इंग्रजी दैनिक नागपुरात सहज मिळते. ऑटोमोटिव्ह चौकातून खापरीला मेट्रोने जाणाऱ्याला त्यातील एक बातमी आणि एक लेख लक्षपूर्वक वाचण्याइतका वेळ नक्की मिळतो. रोज दोनच शब्द निवडावेत. समजा, नवतपाच्या म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या कडक उन्हाच्या दिवसांत हवामानाच्या बातमीत ‘द शॉवर्स ब्रॉट अ ब्रीफ रेस्पाइट फ्रॉम द हीट’ असे वाक्य आले. वहीत ‘रेस्पाइट म्हणजे उसंत’ एवढेच लिहिले, तर काम अर्धवट राहिले. आधी ते पूर्ण वाक्य उतरवावे. मग ‘रेस्पाइट’नंतर ‘फ्रॉम’ येते आणि आधी ‘ब्रीफ’ शोभते, हे नोंदवावे. ‘विदाउट रेस्पाइट’ म्हणजे अखंडपणे, हेही शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी कोशात पाहून लिहावे. आणि शेवटी स्वतःच्या आयुष्यातले खरे वाक्य करावे, जसे ‘द कूलर गिव्ह्ज अस सम रेस्पाइट फ्रॉम द आफ्टरनून हीट’. हे शेवटचे वाक्य खरे असणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण आपल्या खोलीतल्या कूलरशी जोडलेला शब्द सहजासहजी विसरला जात नाही.

उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने करावी. शिकलेले सुरुवातीला वेगाने आणि पुढे सावकाश विसरले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच प्रयोगांनी दाखवले होते. वाढत्या अंतराची उजळणी त्याच तत्त्वावर चालते. उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांनी मात्र एका यादीचा अपवाद करावा : भाषातज्ज्ञ ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली मांडलेली, 570 शब्दकुलांची (एक मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक कुल) शैक्षणिक शब्दांची यादी.

वाक्प्रचारांना अधिक सावधपणे हाताळावे लागते. मराठीत हात देणे, हात टेकणे आणि हात झटकणे यांत हात तोच असून अर्थ पार बदलतो. तसेच ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे आणि ‘पुट आउट’ म्हणजे विझवणे. सुटे शब्द जोडून अर्थ काढायला गेल्यास फसगत होते, म्हणून असा प्रयोग अखंड एकच शब्द मानून लिहावा.

वाक्प्रचार कुठून आला हे कळले, तर तो लवकर मुरतो. ज्यांनी जामठ्याच्या मैदानावर सामने पाहिले आहेत, त्यांना ‘ऑन अ स्टिकी विकेट’ म्हणजे अडचणीत, हे समजायला वेळ लागणार नाही : पूर्वी खेळपट्ट्या झाकत नसत, पावसाने भिजलेली खेळपट्टी उन्हात वाळू लागली की चेंडू वाटेल तसा वळे आणि उसळे, आणि फलंदाज अडचणीत येई. ‘ऑफ युअर ओन बॅट’ म्हणजे कोणी न सांगता, आपणहून. हे ब्रिटिश वळणाचे प्रयोग आहेत. अमेरिकी इंग्रजीत तीच जागा बेसबॉलने घेतली असून ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे ढोबळ अंदाज.

मराठी प्रतिशब्द जरूर शोधावा, पण छटा तपासून. ‘वन्स इन अ ब्लू मून’साठी अनेक जण ‘कपिलाषष्ठीचा योग’ लिहितात. दोन्हींत दुर्मीळपणा आहे, परंतु कपिलाषष्ठीत भाग्याचा भाव आहे आणि ‘ब्लू मून’मध्ये तो नाही, म्हणून क्वचित सिनेमाला जाणाऱ्याने मराठीत ‘क्वचितच’ म्हणणेच योग्य. आपल्याकडे रूढ असलेल्या इंग्रजीकडेही असेच पाहावे. ‘पास्ड आउट फ्रॉम कॉलेज’ नागपुरात सर्वांना कळते. लंडनच्या श्रोत्याला मात्र त्यावरून आधी बेशुद्ध पडणे आठवेल, म्हणून तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणावे.

नवा वाक्प्रचार तीन निरनिराळ्या ठिकाणी वाचनात किंवा ऐकण्यात येईपर्यंत स्वतः वापरू नये. तो कोण, कोणाशी आणि कोणत्या प्रसंगी बोलतो, हे त्या तीन वेळांत ध्यानात येते. ‘किक द बकेट’चा अर्थ कोश ‘मरणे’ असाच देईल, पण तो सांत्वनाच्या पत्रात लिहिणे म्हणजे शोकसंदेशात ‘गचकले’ लिहिण्यासारखे आहे. तिथे ‘पास्ड अवे’ हेच लिहावे.