कुत्र्याचं पोट बिघडलंय? आधी या चुका टाळा

कुत्र्याला उलट्या-जुलाब सुरू झाले की माणसं सगळ्यात आधी औषधांचा डबा उघडतात. कुत्र्याकडे नीट बघायचं राहूनच जातं. ओळखीपाळखीच्या लोकांचे घाबरलेले फोन येतात तेव्हा मी पहिल्यांदा विचारते, "हिरड्या कशा दिसतायत?" बहुतेकांनी ओठ उचलून बघितलेलाच नसतो. निरोगी हिरड्या गुलाबी आणि ओलसर असतात. बोटानं दाबून सोडलं की पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. हिरड्या फिक्या, कोरड्या किंवा चिकट लागल्या, तर शरीरातलं पाणी कमी झालंय किंवा त्याहून गंभीर काही चाललंय. मग घरगुती उपचारांचा नाद सोडा आणि डॉक्टर गाठा.

मागच्या वेळची गोळी देणं

या चुकीचा मला मनापासून राग येतो. एका ओळखीच्या घरी साधारण वर्षभराचा लॅब्राडोर होता, दिसेल ते तोंडात घालणारा. सकाळपासून उलट्या झाल्या म्हणून घरच्यांनी आधीच्या आजारपणात उरलेली उलटी थांबवायची गोळी दिली. उलट्या थांबल्या आणि सगळे निर्धास्त झाले. तो खात नव्हता, पण पोटाला आराम मिळतोय म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मी गेले तेव्हा तो पुढचे पाय पसरून, छाती जमिनीला टेकवून आणि ढुंगण वर करून थांबला होता. खेळायला बोलावताना कुत्री अशीच वाकतात, त्यामुळे घरच्यांना वाटलं, स्वारी आता मूडमध्ये आली. शेपूट मात्र जराही हलत नव्हती, आणि पोटाला हात लावल्याबरोबर तो कण्हला. पोटात दुखत असलं की कुत्रं असं वाकतं. सोनोग्राफीत आतड्यात अडकलेला मोजा दिसला. ऑपरेशन झालं, आतड्याचा काळा पडलेला तुकडा कापून काढावा लागला. कुत्रा वाचला. पण उलट्या दिसत राहिल्या असत्या तर त्याला पहिल्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतं आणि ऑपरेशन बरंच सोपं झालं असतं.

म्हणून तपासणीशिवाय उलटी दाबायची नाही. जुलाबाचंही तेच. माणसांना देतात ते लोपेरामाइड कॉली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा जातींच्या बऱ्याच कुत्र्यांना भोवतं. त्यांच्यातल्या एका जनुकीय दोषामुळे औषध थेट मेंदूपर्यंत पोचतं. पोटदुखीसाठी आयबुप्रोफेन तर अजिबात नको. त्यानं पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. उरलेली अँटिबायोटिकंही नकोत. साधे जुलाब बहुतेक वेळा त्यांच्याशिवायच बरे होतात.

पाण्याचं भांडं भरून समोर ठेवणं

उलटी झालेलं कुत्रं तहानलेलं असतं. ते घटाघटा पितं, पोट ताणलं जातं, सगळं परत बाहेर. मग घाबरून कुणीतरी भांडंच उचलून ठेवतं, ते आणखी वाईट. मी थोडं थोडं पाणी वाटीत ओतते, ते पोटात टिकलं की पुन्हा थोडं. कंटाळवाणं काम आहे, रात्री उठावं लागतं. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी सरळ डॉक्टरांकडे नेऊन सलाईन लावून घ्यावं. घोटभर पाणीही टिकत नसेल तर तसंही न्यायचंच आहे.

बरं वाटल्याबरोबर रोजचं जेवण

शी एकदा घट्ट झाली की लोकांना वाटतं, झालं. संध्याकाळी नेहमीचं ताट भरून, वर लाडाचा खाऊ, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जुलाब. आतड्याचं आतलं अस्तर असं एका दिवसात भरून येत नाही. माझ्याकडे ठरलेलं जेवण आहे: कातडी आणि हाडं काढलेलं उकडलेलं चिकन एक वाटी, मऊ शिजवलेला भात दोन वाट्या. मीठ नाही, तेल नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही, ते कुत्र्यांना विषारी असतात. एवढंच दिवसभरात चार-पाच वेळा, मूठ-मूठभर. शी नीट झाल्यावरही दोन दिवस हेच, आणि मग रोजचं जेवण त्यात थोडं थोडं मिसळत जायचं. कुत्रं केविलवाणं बघेल. बघू द्या.

मोठ्या कुत्र्याला उलट्यांनंतर काही तास उपाशी ठेवलं तर चालतं. लहान पिल्लाला असं कधीही ठेवू नका, त्याच्या रक्तातली साखर झपाट्यानं उतरते.

थोडक्यात सांगायच्या चुका:

- पोट शांत व्हावं म्हणून दूध पाजणं. बऱ्याच कुत्र्यांना ते पचत नाही, जुलाब वाढतात.
- काही विषारी खाल्लं म्हणून मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं. रक्तातलं सोडियम वाढून जीव जाऊ शकतो.
- शीच्या जागेतून लोंबणारा दोरा ओढणं. आतडं आतून कापलं जातं.
- जेवणाचा ब्रँड एका दिवसात बदलणं. आठवडाभर तरी घ्या.

सकाळपर्यंत वाट बघणं

पोट फुगलंय, कुत्रं ओकारी काढतंय पण बाहेर काहीच पडत नाहीये, लाळ गळतेय, एका जागी स्थिर बसत नाहीये, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या कुत्र्यांत याचा धोका जास्त. इथे हातात काही तासच असतात, मध्यरात्र असली तरी निघा. डांबरासारखी काळी शी म्हणजे जठरात किंवा लहान आतड्यात रक्तस्राव, त्यातही वाट बघू नका.

लसी पूर्ण न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब होत असतील तर पार्व्होचा, म्हणजे पार्व्हो विषाणूमुळे होणाऱ्या गंभीर संसर्गजन्य आजाराचा, संशय धरा आणि निघण्याआधी दवाखान्यात फोन करून तसं स्पष्ट सांगा. तिथे पोचल्यावर पिल्लाला जमिनीवर सोडू नका, टॉवेलात गुंडाळून हातातच ठेवा. हा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्या पिल्लालाही होऊ शकतो.