पऱ्हाटीची बोंडं, फाटकं पोतं अन् दारावरचं तोरण

दसरा-दिवाळीच्या सुमारास विदर्भात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, कापूस फुटायला लागतो. तेव्हा बाजारातलं प्लास्टिकचं तोरण आणण्याआधी एकदा वावरात चक्कर मारा. चांगला कापूस वेचणीलाच राहू द्या, तो सजावटीत घालवायचा नाही. ज्याला भाव मिळत नाही ती कवडीची, अर्धवट फुटलेली बोंडं देठासकट तोडा. 3-4 दिवस कडक उन्हात वाळवा, कारण त्यात गुलाबी बोंडअळी लपलेली असू शकते.

फाटक्या पोत्याची चार बोटं रुंद पट्टी कापा. कडेचे धागे थोडे उसवून झालर सोडा, तीच खरी शोभा. मग दाभणात सुतळी ओवून एक बोंड, एक झेंडूचं फूल असं पट्टीवर टाचत जा. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं बोटात घुसतात, म्हणून देठाला धरा. मध्येच ज्वारीचं कणीस लटकवलं तर चिमण्या येतात अन् ओसरीत कचरा होतो. मला तो चालतो, घरच्यांना विचारून घ्या.

गेल्या वर्षीच्या तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, उरल्या असतील तर हातभर लांबीच्या जुड्या बांधून दाराच्या दोन्ही अंगांना उभ्या करा.

एवढं मात्र पाळा: कापूस, सुतळी, तुराटी सगळंच भुरकन पेटतं. पणती तोरणाखाली नको, लांब वृंदावनाशी ठेवा. सण झाला की बोंडं उकिरड्यावर किंवा वावरात टाकू नका, चुलीत घाला. नाहीतर अळी पुढच्या पऱ्हाटीवर परत यायची.