जुन्या टी३ कॅम्परला कुठला टॉप गिअर?

आमच्या श्टुटगार्टकडच्या गोतावळ्यात कुणी जुनी फोक्सवॅगन टी३, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली व्हॅन, घेतली की लगेच म्हणतो, 'चौथा गिअर लांब करून घेतो, इंजिन फार ओरडतं.' लांब म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरवणारा. थांबा. आधी गाडी प्रवासाला भरतो तशी भरा, पाण्याची टाकी, गॅस, सायकली, सगळं, आणि वजनकाट्यावर न्या. रिकाम्या गाडीवरून गिअर ठरवू नका.

मग कागद घ्या. १.९ लिटर, ७८ अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन, फायनल ड्राइव्ह, म्हणजे गिअरनंतर चाकांकडे जाणारी शेवटची दातेरी जोडी, ४.८६, चौथ्याचं गुणोत्तर ०.८५. चाकाचा एक फेरा साधारण २ मीटर धरा. ताशी १०० किलोमीटरला इंजिन मिनिटाला ३४४० फेऱ्यांच्या आसपास फिरतं. चौथा ०.७७ केला तर ३१२०. कानाला सुख नक्कीच. पण आठव्या ऑटोबानवर (ए८ महामार्गावर) उल्मच्या दिशेनं आल्बचा डोंगर चढताना वेग ८० वर येतो, तेव्हा काय? जुन्या चौथ्यात २७५०, नव्यात २५००. या इंजिनाचा खरा जोर २६०० च्या सुमारास, म्हणजे गाडी नेमकी तिथेच दम टाकते. तिसऱ्यात, १.२६ वर, टाकली तर थेट ४०८०! मधली दरी एवढी रुंद की कुठलाच गिअर धड बसत नाही.

म्हणून मूळ इंजिन असेल तर माझं स्पष्ट मत: चौथ्याला हात लावू नका. जास्त ताकदीचं इंजिन बसवलं असेल तर खुशाल लांब करा, पण तिसराही त्याच बेतानं थोडा लांब घ्या. पहिला मात्र आखूडच ठेवा; भरल्या गाडीनं चढावर रिव्हर्स घेऊन पुन्हा निघताना क्लच तोच वाचवतो. आणि टायरचा साइज बदलणार असाल तर तो आधी बदला, हिशोब मग करा.