बर्फात पळायला जाताय? थंडीला घाबरू नका, पन्हाळीला घाबरा

मी अमेरिकेत मिनियापोलिसला राहते. इथं जानेवारीत पळायला जाते म्हटलं की सांगलीहून आईचा ठरलेला डायलॉग, "अगं, घरात जागा नाही का तुला?" आता ट्रेडमिल आहे खाली बेसमेंटमध्ये, पण भिंतीकडे तोंड करून अर्धा तास पळायचं म्हणजे शिक्षाच वाटते मला, त्यामुळे माझा हा चौथा हिवाळा बाहेरच चाललाय. नवीन आलेले लोक नेहमी थंडीचंच विचारतात. थंडीचं काही नाही हो, तिला कपडे आहेत. खरी भीती घसरायची.

आधी कपड्यांचं उरकते. बाहेर पडल्यावर पहिली पाच मिनिटं कुडकुडायलाच पाहिजे, नाही कुडकुडलात तर जास्त घातलंय असं समजा. अंदाज सोपा आहे, बाहेर जे तापमान असेल त्यात 10 डिग्री सेल्सियस मिळवायचे आणि तेवढ्यात चालायला जाताना जे घालाल ते घालायचं. आत मेरिनो वूल किंवा पॉलिस्टर, वर वारा अडवणारं पातळ जॅकेट, बस. सुती बनियन अजिबात नको, घामाने भिजला की वाळत नाही आणि सिग्नलला दोन मिनिटं थांबलात की पाठीला ओलं फडकं चिकटवल्यासारखं होतं. हातमोजे बोटं वेगळी नसलेले घ्या, बोटं एकत्र असली की ऊब राहते. आणि डोक्याला? हसू नका, पण आपली माकडटोपी! फक्त चष्मा असेल तर ती नाकाखाली ओढा, नाहीतर श्वासाच्या वाफेने काचा धुरकटतात आणि मग त्या वाफेचाच बर्फ होतो.

निघण्याआधी तापमान नाही, वारा बघा. 0 फॅरनहाइट म्हणजे उणे 18 सेल्सियस, त्यात ताशी 15 मैलांचा वारा असेल तर अंगाला ते उणे 28 लागतं, आणि एवढ्यात उघड्या कातडीला अर्ध्या तासात फ्रॉस्टबाइट होऊ शकतो, म्हणजे कातडी गोठते. गाल, नाक किंवा कानाची पाळी दुखायची थांबली आणि पांढरट पडली तर ते बरं झालेलं नसतं, ताबडतोब घरात जायचं. म्हणून जाताना वाऱ्याला तोंड देऊन जायचं आणि येताना वारा पाठीवर घ्यायचा, उलटं केलंत तर घामाने भिजलेले असताना वारा समोरून येतो आणि मग रडू येतं. फील्स-लाइक, म्हणजे वाऱ्यासकट अंगाला जाणवणारं तापमान, उणे 25 सेल्सियसच्या खाली गेलं की मीसुद्धा गपचूप बेसमेंटमध्ये जाते.

आता घसरायचं. इथं नियम असा की बर्फ पडायचा थांबला की 24 तासांत ज्याने त्याने आपल्या घरासमोरचा साइडवॉक, म्हणजे फूटपाथ, साफ करायचा. त्यामुळे पहिल्या दिवशी एका घरापुढे कोरडं काँक्रीट आणि शेजाऱ्यापुढे घोट्यापर्यंत बर्फ, पण तो ताजा असतो, करकर वाजतो, पाय धरतो, पळायला मस्त! घात होतो तिसऱ्या-चौथ्या दिवशी. दुपारी उन्हाने थोडं वितळतं, रात्री गोठतं, लोकांच्या पावलांचे ठसे दगडासारखे होतात. आणि छपराच्या पन्हाळीचं पाणी साइडवॉकवर येऊन पसरतं ना, त्याची अशी पातळ काच होते की दिसतच नाही, नुसतं ओलं वाटतं. मी तिथंच आपटले होते, अगदी स्वच्छ झाडलेल्या घरासमोर, कोपर महिनाभर दुखत होतं. तेव्हापासून उणे तापमानात "ओलं" दिसलं की मी चालते, सरळ चालते, कोण बघतंय.

चौकाचौकात प्लाऊने, म्हणजे बर्फ सारणाऱ्या गाडीने, सारलेल्या बर्फाचा शेतातल्यासारखा बांध असतो, तो उडी मारून नाही, पाय टाकत ओलांडायचा. एरवीही पावलं छोटी, पाय शरीराच्या खाली पडला पाहिजे, वेग वगैरे विसरा, घड्याळाकडे बघूच नका. बुटांना रबरी पट्ट्यांचे स्पाइक्स मिळतात ते आइसवर झकास, पण कोरड्या काँक्रीटवर टकटक वाजतात आणि पाय भरून येतात, म्हणून मी गल्लीत नुसते ट्रेल शूज घालते. फारच वाईट असेल तर गाडी काढून लेक हॅरिएट नावाच्या तळ्यावर जाते, साधारण 3 मैलांची चक्कर आहे आणि तिथले रस्ते पार्कवाले प्लाऊ करतात.

डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो, ऑफिसनंतर जाणार असाल तर हेडलॅम्प आणि चमकणारं जॅकेट पाहिजेच. रस्त्यावरून पळावं लागलं तर गाड्या समोरून येतील अशा बाजूने पळा आणि प्लाऊ दिसला की बाजूच्या ढिगात चढून उभं राहा, त्याला तुम्ही दिसताय असं धरून चालू नका. फोन आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा, बाहेरच्या खिशात 40 टक्के बॅटरीचासुद्धा फोन पटकन बंद पडतो.

घरी आल्यावर चहा नंतर, आधी ओले कपडे काढा, कारण दहा मिनिटांत हुडहुडी भरते. बुटांतले इनसोल काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, हीटरवर ठेवू नका, डिंक सुटतो. आणि रस्त्यावरच्या मिठाचे पांढरे डाग बुटांवर उमटतात ना, ते पाण्यात थोडं व्हिनेगर घालून फडक्याने पुसले की जातात.