अनोळखी तलावावर पक्षी पाहायला जाताना: नागपूरहून पहिल्या फेरीची तयारी

भंडारा-गोंदियाच्या तलावांवर आपल्या आजोबांच्या पिढीतले हौशी लोक बंदूक घेऊन बदकांच्या मागे जायचे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही संपली, आणि ते बरंच झालं. पण त्या लोकांकडे एक शहाणपण होतं. कोणत्या महिन्यात निघायचं, कोणत्या गावात कोणाला आधी भेटायचं, पहाटे पाण्याच्या कोणत्या बाजूला बसायचं, हे त्यांना नेमकं ठाऊक असायचं. दुर्बीण घेऊन जाणाऱ्याला आजही नेमकं हेच लागतं.

नागपुरातल्या अंबाझरी आणि गोरेवाडा तलावांवर वर्षभर फिरून झालं असेल आणि आता पूर्वेकडे जायची ओढ लागली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी नवेगावबांध, साकोली आणि गोंदिया या पट्ट्यातलीच उदाहरणं दिली आहेत, कारण आपल्याला तो जवळ आहे आणि तिथे तलाव मोप. हा मालगुजारी तलावांचा, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या) ताब्यातल्या तलावांचा मुलूख. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले लहानमोठे तलाव आणि बोड्या (छोटी तळी) इथे हजारोंनी आहेत. कागदोपत्री आता त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी.

आधी महिना ठरवा

पहिल्या फेरीसाठी डिसेंबरचा दुसरा आठवडा ते जानेवारीअखेर हा काळ धरा. तोवर धान कापून झालेलं असतं, बांध्या (बांध घातलेली धानाची खाचरं) मोकळ्या होतात, तलावाचं पाणी थोडं उतरून काठाचा चिखल उघडा पडतो आणि उत्तरेकडून आलेली बदकं स्थिरावलेली असतात. नोव्हेंबरमध्ये पक्षी येत असतात, पण तलाव काठोकाठ भरलेले असल्यामुळे ते पसरून बसतात आणि नवख्याच्या हाती फार लागत नाही.

तारीख पक्की करण्याआधी गावच्या मंडईची, म्हणजे जत्रेची, चौकशी करा. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, गावोगावी मंडई भरते आणि रात्रभर नाटकं चालतात. त्या दिवशी रस्ते भरलेले असतात, राहायला जागा मिळत नाही, तलावाच्या पाळीवर (बांधावर) दुकानंही लागतात. मात्र मंडई शेजारच्या गावात असेल तर संध्याकाळी जरूर जा. झाडीपट्टीचं नाटक गावकऱ्यांमध्ये बसून पाहणं हा वेगळाच आनंद आहे.

नकाशावर तलाव ओळखायला शिका

मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा उघडून साकोली ते अर्जुनी मोरगाव हा भाग मोठा करून पाहा. प्रत्येक तलावाची एक बाजू सरळ किंवा धनुष्यासारखी वळलेली दिसेल. ती पाळ. तिथे पाणी खोल असतं. तिच्या समोरची बाजू वेडीवाकडी, हिरवट-तपकिरी आणि शेतांत मिसळत गेलेली असते. तिथे पाणी गुडघाभर असतं, देवधान (आपोआप उगवणारं रानटी धान) आणि पाणवनस्पती असतात आणि बहुतेक पक्षीही तिथेच असतात. म्हणून असा तलाव निवडा ज्याच्या उथळ बाजूपर्यंत पांदण किंवा गाडीवाट जाते आणि ज्याच्या त्या काठाला घरं चिकटलेली नाहीत.

तीन तलाव निवडा आणि सकाळ मात्र एकाच तलावासाठी ठेवा. बाकीचे दोन अडीअडचणीला. एका दिवसात सहा तलाव पालथे घालणारे लोक मला माहीत आहेत. त्यांची यादी लांब होते, पण एकाही तलावावर पक्षी त्यांना विसरून आपल्या कामाला लागलेले त्यांनी पाहिलेले नसतात.

नकाशावर फार विसंबू नका. माझ्या पहिल्याच फेरीत नकाशावर निळाशार दिसणाऱ्या एका तलावावर मी पहाटे पोहोचलो. उजाडल्यावर पाहतो तर मधोमध डबक्याएवढं पाणी आणि भोवती गाळपेराची, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरलेल्या पिकाची, हिरवी पात. नकाशावरचं चित्र पावसाळ्यानंतरचं होतं आणि मी गेलो होतो फेब्रुवारीत. एक फोन केला असता तर ती सकाळ वाचली असती.

गावातला एक माणूस शोधा

सगळ्या तयारीत मी सर्वात जास्त वेळ यावर घालवतो. अनोळखी गावात तुमची फेरी साधेल की नाही, हे निम्म्याहून अधिक या एका ओळखीवर ठरतं. शाळेतले शिक्षक, ग्रामपंचायतीचे शिपाई, पोलीस पाटील, कोणीही चालेल. पण सर्वात उपयोगी पडतात ते तलावावर मासेमारी करणारे ढिवर बांधव. त्यांच्या मच्छीमार सहकारी संस्था असतात आणि तलाव बहुतेक त्यांच्याकडे ठेक्यावर असतो. आपल्या कार्यालयात, शेजारात साकोली-लाखनीकडचं कोणी ना कोणी असतंच. त्यांच्या मार्फत एक नंबर मिळवा.

फोनवर पक्ष्यांची नावं विचारत बसू नका. तीन गोष्टी विचारा. पाणी सध्या किती आहे? जाळं कोणत्या दिवशी ओढणार? उथळ बाजूला गाडी कुठपर्यंत जाते? यातला दुसरा प्रश्न लोक हमखास विसरतात. मोठं जाळं ओढायच्या दिवशी पहाटेपासून डोंगे पाण्यात असतात, माणसांची ये-जा असते, आणि बदकं उठून शेजारच्या तलावावर गेलेली असतात. तो तलाव कोणता, हेही तेच सांगतील.

एका ढिवर काकांनी मला पहिल्याच भेटीत जे शिकवलं, ते मी कुठे वाचलं नव्हतं. मी गाडीतून उतरायला दार उघडलं तसे ते हळूच म्हणाले, “बसून राहा भाऊ. पाखरं गाडीले नाही भेत, उतरलेल्या मानसाले भेतेत.” मी काच खाली करून तिथेच बसलो. पंधरा मिनिटांत अडई बदकांचा एक थवा शिट्या घालत गाडीपासून जेमतेम तीस पावलांवर उतरला.

परवानगी

नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. त्याच्या हद्दीत जायचं तर वनविभागाचं तिकीट, ठरलेलं फाटक आणि ठरलेली वेळ पाळावी लागते. निघण्याआधी फाटक कोणत्या दिवशी बंद असतं ते तपासा. हद्दीबाहेरच्या गावतलावावर तिकीट नसतं, पण ‘मोकळी जागा’ असंही काही नसतं. तलाव संस्थेचा असतो, काठची बांधी कोणाची तरी असते. धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) जायच्या आधी शेतात दिसेल त्याला विचारा. मोठी लेन्स लावलेला अनोळखी माणूस पहाटे शेतात दिसला तर गावाला शंका येणारच, म्हणून आदल्या संध्याकाळी पोलीस पाटलांच्या कानावर घाला. ड्रोन घरीच ठेवा.

जायचं कसं

नागपूरहून भंडारा, लाखनी, साकोली हा राष्ट्रीय महामार्ग ५३ सरळ आहे. पुष्कळ जण पहाटे तीनला निघून उजाडता पोहोचायचा बेत करतात. मी स्पष्टच सांगतो, तसं करू नका. थंडीत धुकं असतं, आतल्या रस्त्यांवर धानाने भरलेले ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय चालतात, आणि रात्रीच्या झोपेवाचून गेलेल्या डोळ्यांना दुर्बिणीत काही धड दिसत नाही. आदल्या दुपारी निघा, साकोलीला किंवा गोंदियाला मुक्काम करा, आणि संध्याकाळी उजेड असताना तलावाची वाट एकदा पाहून या. गाडी नसेल तर मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्यांनी गोंदिया गाठा आणि तिथून दिवसभरासाठी भाड्याची गाडी ठरवा.

पिशवीत काय

दुर्बीण ८ बाय ४२ ची घ्या. यातला ८ हा आकडा पट सांगतो आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीची नवख्याच्या हातात थरथरते, आणि पहाटेच्या अंधुक उजेडात मोठं भिंगच कामाला येतं. कपडे मातकट किंवा शेवाळी रंगाचे. पांढरा शर्ट आणि भडक जॅकेट नको. घोट्याच्या वर येणारे बूट हवेतच, कारण धानाच्या बांध्यांत घोणस असते. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते आधी पाहून ठेवा आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा नंबर सोबतच्या सगळ्यांना सांगून ठेवा. वही, पेन्सिल, सुटे पैसे, पाणी. आतल्या गावांत मोबाईलची रेंज जाते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या.

तलावावर

सूर्य पाठीशी हवा. म्हणजे सकाळी तलावाच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे पाहायचं. उलट बाजूला थांबलात तर प्रत्येक बदक काळी सावली होऊन जातं आणि रंग दिसतच नाहीत. धुकं असेल तर घाई करू नका. आठ-साडेआठपर्यंत ते वर उचलतं, आणि तोवर कान उघडे ठेवले तर बरंच काही कळतं.

पहिली वीस मिनिटं दूरच्या थव्याकडे पाहूच नका. जवळचं पाहा. कमळाच्या पानांवरून लांब बोटं टाकत चालणारा कमळपक्षी, काळ्या अंगाचे आणि पांढऱ्या कपाळाचे वारकरी, शेपटी झटकणारी जांभळी पाणकोंबडी. एकदा मी एका कमळपक्ष्यावर दुर्बीण लावून बसलो होतो. त्याने चोचीने पानाची कड उलटली, खालच्या बाजूला चिकटलेलं काहीतरी टिपलं, पान सोडलं, आणि पान परत सपाट पडायच्या आत तो पुढच्या पानावर होता. पाच मिनिटांत त्याने त्या कोपऱ्यातलं एकही पान सोडलं नाही. अशा जवळच्या पाहण्याने डोळा तयार होतो, मग दूरचं सोपं जातं.

दूरच्या बदकांत रंगाआधी वागणं पाहा. शेपटी आकाशाकडे करून डोकं पाण्यात घालणारी ती उथळ पाण्यातली: तलवार बदक, चक्रांग, हळदी-कुंकू. फावड्यासारखी चोच पाण्यात धरून गोल गोल फिरणारा थापट्या त्यांच्यातच ओळखू येतो. अख्खी बुडी मारून दुसरीकडे वर येणारी लालसरी खोल बाजूला असते. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब दिसला तर तो हिमालय ओलांडून आला आहे हे लक्षात असू द्या. तो विश्रांतीला बसलेला असेल तर उडवू नका. सगळी बदकं एकदम उठली, तर ओरडाआरडा करण्याआधी वर पाहा. बहुतेक वेळा एखादा शिकारी पक्षी वरून गेलेला असतो.

सारस दिसला तर

गोंदियाकडे जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनात सारस असतोच. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदियाच्या शेतांत आणि तलावांवर उरला आहे, भंडारा-चंद्रपुरात अगदी तुरळक. माणसाएवढा उंच हा पक्षी पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटं करतो, बहुधा दोन अंडी घालतो. विजेच्या तारा आणि शेतातली विषारी औषधं त्याच्या जिवावर उठली आहेत. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली, इतकी वेळ आली.

म्हणून काही गोष्टी मनापासून सांगतो. सारसाने चरणं थांबवून मान वर केली की तुम्ही गरजेपेक्षा जवळ आलात, मागे व्हा. घरट्याकडे जाऊ नका. अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं कायद्याच्या लेखी शिकारच आहे. मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. फोटो टाकलात तरी गावाचं नाव लिहू नका. आणि ज्याच्या बांधीत तो आहे त्या शेतकऱ्याशी दोन शब्द बोला. घरट्यामुळे त्याच्या धानाचा तुकडा तुडवला जातो आणि तरी तो ते सांभाळतो, हे त्याच्या तोंडून ऐका.

काठावर पक्ष्यांसाठी लावलेलं जाळं, फासे किंवा विषारी दाणे दिसले तर स्वतः वाद घालू नका. जागा नीट टिपून घ्या आणि वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवा.

परतल्यावर

त्याच रात्री वही उतरवून काढा. आकडे, वेळ, पाण्याची पातळी, जाळं होतं की नव्हतं. नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. मग ज्यांनी वाट दाखवली त्यांना फोन करून काय काय दिसलं ते सांगा. मी त्या ढिवर काकांना त्या दिवशीची यादी वाचून दाखवली. त्यांनी प्रत्येक पक्ष्याचं त्यांच्याकडचं नाव सांगितलं, ते मी समोर लिहून घेतलं. मग म्हणाले, येत्या बुधवारी जाळं आहे, तुम्ही शनिवारी या.